अट दवाखान्यावर नसते, पगारावर असते
‘आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ) कर्ज देताना सरकारला फक्त तूट कमी करा म्हणतो, शाळा-दवाखाने बंद करा असं कुठे म्हणतो?’ असं विचारलं जातं, आणि हा मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण आफ्रिकेतला झांबिया पाहा. २००४च्या सुमारास कर्जमाफी मिळवण्यासाठी सरकारी पगारांचा खर्च जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. त्या खर्चात मोठा वाटा शिक्षक-नर्सचाच, म्हणून मर्यादा आली की पहिली थांबते ती त्यांची भरती. हजारो प्रशिक्षित शिक्षक घरी बसले आणि इकडे वर्गांना शिक्षक नव्हते. देणगीतून इमारत उभी राहते, पण दरमहाचा पगार मर्यादेतच मोजला जातो. शिवाय नाणेनिधीच्या कर्जाचा हप्ता अडकला की बाकीचे देणगीदारही हात आखडतात, त्यामुळे अर्थ खातं आरोग्य खात्याचं ऐकत नाही.

खर्च भागवायला रुग्णांकडून शुल्क घेतलं, तर त्याचा परिणाम लगेच दिसतो. केनियात डिसेंबर १९८९मध्ये सरकारी दवाखान्यांत शुल्क लागू झालं आणि नैरोबीतल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यात पुरुष रुग्ण आधीच्या सुमारे ४० टक्क्यांवर आले. तेही एचआयव्ही पसरत असताना! १९९०मध्ये शुल्क स्थगित करावं लागलं.

२००७मध्ये नाणेनिधीने पगारमर्यादा क्वचितच घालायचं ठरवलं. तरीही नाणेनिधीचा कुठलाही करार वाचताना पगारखर्चाची ओळ आधी शोधा, ‘सामाजिक खर्चाचं संरक्षण’ नंतर.