खिडकीकडे उकाडा, मधल्या रांगेत गारठा

प्रश्न: ऑफिसात पश्चिमेच्या काचेजवळचे घामाघूम, मधले स्वेटर घालून. एसी २१ वर आहे. अजून खाली आणावा का?

उत्तर १: नको. आधी एसीचा तापमान मोजणारा सेन्सर कुठे आहे ते बघा. प्रिंटरवर किंवा उन्हाच्या भिंतीवर असेल तर तो खोटंच सांगणार. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून दीड मीटरवर हलवा. मग सेटिंग २४ आणि मंद पंखे.

उत्तर २: काचेचं दुखणं वेगळं. तिथे थेट ऊन आणि तापलेली काच भाजते, हवा कितीही गार करा. आतला पडदा उष्णता आत शिरल्यावर अडवतो, म्हणून आडोसा बाहेरून हवा. संध्याकाळचं ऊन तिरकं, छज्जा पुरत नाही; उभ्या पट्ट्या लावा.

उत्तर ३: व्हीएव्ही (प्रत्येक झोनला गरजेप्रमाणे कमी-जास्त हवा सोडणारी एसी यंत्रणा) असेल तर मधल्या झोनचा हवेचा किमान प्रवाह तपासा. तो जास्त ठेवला की माणसं नसतानाही गार हवा ओतली जाते. टप्प्याटप्प्याने उतरवा, पण ताजी हवा पुरते ना हे कळायला गर्दीच्या वेळी कार्बन डायऑक्साइड मोजत.