कोविडनंतरचा थकवा : चालणे वाढवावे की थांबवावे?

सातारकर :
मी माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात मला सौम्य कोविड झाला आणि मी घरीच बरी झाले. अंगात पूर्वीची ताकद मात्र अजून आलेली नाही. रविवारी घर आवरले, पडदे धुतले, तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही. मंगळवारी मात्र त्राणच उरत नाही, फळ्यावर लिहिताना हात वर धरवत नाही आणि रोजच्या मुलांची नावे आठवत नाहीत. छातीचा एक्स-रे व ईसीजी व्यवस्थित आहेत. घरची मंडळी सांगतात, की रोज थोडे थोडे चालणे वाढव. तसे केले की मी अधिकच खचते. काय करावे?

बाह्यरुग्ण :
ताई, मी फिजिशियन आहे. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणे ही दीर्घ कोविडची ओळखीची खूण आहे आणि तिला आळस किंवा मनाचा खेळ म्हणणे रुग्णावर अन्याय करणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, लक्षणे साधारणतः संसर्गानंतर तीन महिन्यांनी आढळतात, किमान दोन महिने टिकतात आणि त्यांना दुसरे कारण सापडत नाही. हे शेवटचे कलम विसरू नये : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासली नसेल तर आधी तपासा, कारण आपल्याकडे यांतली कमतरता किंवा बिघाड सर्रास आढळतो आणि त्यावर उपचार आहेत. ते सर्व ठीक असेल, तर चालणे नेटाने वाढवू नका. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांच्या स्नायूंचे नमुने व्यायामापूर्वी आणि व्यायामानंतर तपासले, तेव्हा श्रमानंतर स्नायूंतील बिघाड वाढलेला दिसला. त्यामुळे ‘सवयीने ताकद येईल’ हा सल्ला इथे लागू पडत नाही.

कृष्णाकाठ :
मीही यातून जात आहे. बरे वाटते त्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकण्याचा मोह होतो आणि घात तिथेच होतो; दम लागण्याआधी थांबायचे, हे मला फार कष्टाने अंगवळणी पाडावे लागले. पोळ्या मी खुर्चीवर बसून लाटते, कणीक आदल्या रात्री मळून ठेवते आणि अंघोळ व केस धुणे एकाच दिवशी करत नाही. काय केले आणि दोन दिवसांनी कसे वाटले, हे वहीत लिहीत गेल्यावर माझी मर्यादा मला कळू लागली. शिवाय तीच वही दाखवल्यावर घरच्यांनाही पटले. आपण मुख्याध्यापकांकडे लागोपाठचे तास टाळण्याची आणि तळमजल्यावरच्या वर्गाची मागणी करावी, आणि बसून शिकवण्यात कमीपणा मानू नये. पेपर तपासणे हाही श्रमच आहे, तोसुद्धा वहीत धरावा.

बाह्यरुग्ण :
एक राहिले. उभे राहिल्यावर धडधड किंवा चक्कर येते का? आडवे पडून नाडी मोजा, मग उभे राहून दहा मिनिटे मोजत राहा. रक्तदाब न उतरता ठोके 30 किंवा त्याहून अधिक वाढून तसेच राहिले, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावर वेगळे उपचार असतात. मीठ-पाणी वाढवण्याचा सल्ला यात अनेकदा दिला जातो, पण रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो परस्पर अमलात आणू नका. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा बसल्या जागी धाप लागणे असे काही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.