जनुक एकाचं, वाण दुसऱ्याचं, मग अळी कोणाची?

कोरडवाहू (यवतमाळ जिल्हा)

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापसासाठी पाच वर्षांचं उत्पादकता मिशन जाहीर झालं, तेव्हापासून आमच्याकडे कृषी केंद्रात आणि पारावर एकच विषय आहे: आता नवीन तंत्र येणार. कोणी दाट लागवड म्हणतो, कोणी तणनाशकानं न मरणारं बियाणं म्हणतो. येऊ द्या, मलाही हवंच आहे. पण ते यायच्या आधी एक गोष्ट बोलून घेऊ. मागच्या वेळी ती कोणी बोललं नाही आणि त्याचे पैसे आपण वावरात भरले.

बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून वेगळं जनुक घातलेली कपाशी, कशी आली ते आठवा. जनुक मोन्सॅन्टोचं. ते इथं आणायला मोन्सॅन्टो आणि जालन्याची महिको यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक काढली. मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे या कंपनीनं देशातल्या चाळीसपेक्षा जास्त बियाणे कंपन्यांना परवाने दिले. सुरुवातीला ५० लाख रुपये आणि नंतर प्रत्येक पाकिटामागे शुल्क. परवाना घेणाऱ्यानं ते जनुक आपल्या संकराच्या आईबापांत उतरवायचं आणि आपल्या नावानं विकायचं. कंपन्यांची योजना म्हणून ही फार हुशारीची होती. जनुकवाल्याला दुकान थाटावं लागलं नाही, बियाणेवाल्याला प्रयोगशाळा उभारावी लागली नाही, आणि तंत्र दहा वर्षांच्या आत देशभरच्या कपाशीत पोचलं.

या साखळीत पैसा कुठून कुठं जाईल ते पक्कं ठरलेलं होतं. अळीनं बीटी पचवलं तर कोण काय करणार, हे कोणाच्याच अंगावर नव्हतं.

एक उदाहरण आपण सगळ्यांनी हातात धरलेलं आहे. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं पुडकं यायचं. शेताच्या चारी बाजूंनी पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र त्याचं लावायचं, म्हणजे बीटी न खाल्लेले पतंग तिथं तयार होतील, प्रतिकार कमावलेल्या पतंगांशी त्यांचं मीलन होईल आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. आमच्या गावात ते पुडकं कोठ्यात पडून राहायचं नाहीतर उकिरड्यावर जायचं. ते कशासाठी आहे हे जनुकवाला सांगायला आला नाही, कारण शेतकरी त्याचं गिऱ्हाईक नव्हता. बियाणेवाला आला तो विक्रीच्या सभेला. कृषी केंद्रवाल्याचं काम पाकीट खपलं की संपायचं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. हजारावर बीटी संकरांना परवानगी मिळाली. जनुक बहुतेकांत तेच, पण एक लवकर फुलणारा, दुसरा उशिरा, तिसरा फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पीक उभं ठेवून आणखी कापूस, घ्यायला चांगला. एकाच शिवारात पात्या, फुलं आणि बोंडं महिनोन् महिने सलग. गुलाबी बोंडअळीला याहून काय पाहिजे? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे, म्हणजे सीआयसीआरचे, माजी संचालक केशव क्रांती यांनी हे वेळोवेळी मांडलं. प्रत्येक कंपनीनं आपला वाण दुसऱ्यापेक्षा वेगळा ठेवणं तिच्यापुरतं बरोबरच होतं. सगळ्यांचं मिळून जे झालं ते शिवाराला नडलं, आणि शिवाराकडे पाहणं हे कोणत्याच कंपनीचं काम नव्हतं.

२०१७ ला ते दिसलं. पाकळ्या आवळून बसलेल्या डोमकळ्या झाडाझाडावर. बोंड बाहेरून हिरवंगार, ठणठणीत. नखानं चिरलं की आत सरकीत गुलाबी अळी आणि भोवती पिवळी पडलेली कवडी, म्हणजे खराब कापूस. बीजी-२ चं, म्हणजे दोन जनुकांच्या बीटीचं, पाकीट घेतलं होतं, पैसे मोजले होते.

म्हणून माझं म्हणणं असं. पुढचं कोणतंही तंत्र एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाईल तेव्हा त्याच करारात निगराणी, बिगर-बीटीची सोय आणि वाणांचा कालावधी या तिन्ही गोष्टी असल्या पाहिजेत. आणि विद्यापीठ व सीआयसीआर पहिल्या दिवसापासून भागीदार पाहिजेत. रोग झाल्यावर वैद्य बोलावतात तसं नको.

बियाणेवाला (अकोला)

भाऊ, मी बियाणे कंपनीत अनेक वर्षं काम केलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही गोष्ट २००२ पासून सुरू केली आणि २०१७ वर आणून थांबवली. मधलं गाळलं.

त्या परवान्यांमुळेच देशाचं रुईचं उत्पादन २००२-०३ च्या सुमारास हेक्टरी ३०० किलोच्या आसपास होतं ते काही वर्षांत ५०० च्या वर गेलं. बीटीसोबत चांगला पाऊस, नवीन संकर, जास्त खत हेही होतं, ते मी मान्य करतो. पण हिरव्या बोंडअळीसाठी आठवड्याआड फवारणारा शेतकरी तुम्हीही पाहिलेला आहे. ते थांबलं ते बीटीनं.

आता पैशाचं. सुरुवातीला थैली १,६०० च्या पुढे होती आणि त्यातले १,२५० जनुकाचे. ते जास्तच होतं आणि २००६ मध्ये आंध्र सरकारनं भांडून थैली ७५० वर आणली, तेही ठीक. पण २०१६ पासून केंद्रानं दर ठरवले. जनुकाचं शुल्क १६० च्या आसपास होतं ते ४९ वर आलं, मग ३९, मग २०, आणि २०२० पासून शून्य. मे २०१६ मध्ये तर मागेल त्या कंपनीला परवाना द्यावाच लागेल अशी अधिसूचना निघाली आणि काही दिवसांतच ती मसुदा म्हणून मागे घेतली. त्याच वर्षी मोन्सॅन्टोची भागीदार महिकोनं तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या बियाण्याचा अर्जच काढून घेतला. मोन्सॅन्टोचा पेटंटचा खटला नुझिवीडू या बियाणे कंपनीसोबत उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय करत २०२१ मध्ये तडजोडीवर संपला. २००६ च्या बीजी-२ नंतर मोन्सॅन्टोचं कपाशीचं नवीन जनुक या देशात अधिकृतपणे आलेलं नाही. अशा ठिकाणी कोण आपलं तंत्र दुसऱ्याच्या हातात देईल? आणि त्यावर तुम्ही आणखी तीन अटी टाकता.

पऱ्हाटीवाला (अकोट)

बियाणेवाल्या भाऊची गोष्ट मले पटली. कोरडवाहू भाऊ, तुमी लिवता चांगलं, पण तुमच्या करारात पाच वर्स जातीन. आमाले निंदाले बाया भेटत नाई. पाऊस लागला का आठ दिवस वावरात जाता येत नाई, अन् तण पऱ्हाटीच्या वर जाते. म्हून लोक चोरबीटी, म्हंजे परवानगी नसलेलं, तणनाशकानं न मरनारं बियानं, लावते. २०१९ च्या जूनमंदी आमच्याच तालुक्यात अकोली जहाँगीरले शेतकरी संघटनेनं उघड लावून दाखवली. सरकारनं गुन्हे दाखल केले, पण लावनं थांबलं का? नाई थांबलं.

जगात जे तंत्र हाय थे आमाले पायजे. कोनाची भागीदारी कोनासंग हाय, थ्याच्याशी आमाले काय करायचं?

शेतातली ताई (घाटंजी)

दादा, करायचं आहे. चोरबीटीच्या पाकिटावर ना कंपनीचं नाव, ना बिल. उगवलं नाही तर तक्रार कोणावर करणार? माझ्या शेजारच्या वावरात अर्धं उगवलंच नाही, आणि विकणारा पुन्हा दिसला नाही.

कोरडवाहू भाऊंनी २०१७ लिहिलं, पण बोंडअळीच लिहिली. त्याच वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि मजूर गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, औषधाचे दोन-तीन डबे एकत्र कालवलेले, तोंडाला रुमाल. बियाणं एकाचं, औषध दुसऱ्याचं, पंप तिसऱ्याचा, आणि सल्ला दुकानदाराचा. कोणत्या औषधात काय मिसळू नये हे त्या चौघांपैकी कोणी सांगायचं? हाच प्रश्न मला या चर्चेतला खरा वाटतो. वाण उंच वाढणारा असेल तर फवारणाऱ्याच्या अंगावर औषध जास्त येणार, हे वाण काढणाऱ्याला आणि औषध विकणाऱ्याला एकत्र बसवल्याशिवाय कसं कळेल? दोघं कधी बसतच नाहीत.

प्रक्षेत्र सहायक (अकोला)

सरकारी संस्थांना भागीदार करा, हे वाचून आनंद झाला, पण आतून पाहतो म्हणून सांगतो: भिंती फक्त कंपन्यांमध्ये नाहीत.

पीकेव्ही हायब्रिड-२ हा आमच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा नावाजलेला कपाशीचा संकर. बीटीच्या लाटेत बाजारातून गेला. महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाबरोबर करार करून त्यात बीजी-२ उतरवण्यात आलं. पण तो शेतकऱ्याच्या हाती लागला तोवर गुलाबी अळीनं बीजी-२ पचवलेलं होतं. विद्यापीठाकडे वाण, महाबीजकडे विक्री, जनुक खासगी, परवानगी दिल्लीची. प्रत्येक उंबऱ्यावर फाईल थांबली.

त्याआधीचा बिकानेरी नरमा आठवा. सीआयसीआर आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठानं २००९ मध्ये दिलेला सरळ बीटी वाण, बियाणं घरी राखता येणारा. त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाचा अंश सापडला, विक्री थांबली, चौकशी समिती बसली. दोन सरकारी संस्थांमध्ये कोणाचं साहित्य कुठून आलं याची नोंद नीट नसली की काय होतं ते तिथं दिसलं. भागीदारी म्हणजे सह्यांचा फोटो नव्हे. कोणती पिशवी कोणाकडून आली याची वही आधी पाहिजे.

बियाणेवाला (अकोला)

कोरडवाहू भाऊ, प्रतिकाराचा सगळा दोष संकरांवर आणि परवान्यांवर टाकता येणार नाही. चीनचं बघा. यांगत्झे खोऱ्यात शेतकऱ्यांनी बीटी संकराच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं. शेतात बिगर-बीटी झाडं आपोआप मिसळली गेली आणि गुलाबी अळीतला प्रतिकार उलट कमी झाला. २०१७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. वेगळं पुडकं नाही, सभा नाही, अट नाही.

कोरडवाहू (यवतमाळ जिल्हा)

चीनचं उदाहरण चांगलं आहे, म्हणून नीट पाहू. तिथं दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरल्यामुळे काही पूर्ण झाडं बिगर-बीटी निघाली. त्या झाडावर अळी आयुष्यभर बीटीशिवाय जगली आणि तिचे पतंग साधे राहिले. आपल्याकडे शेतकरी दरवर्षी पहिल्या पिढीचा संकर घेतो. झाड बीटी, पण त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी. बीजी-२ मधली दोन्ही जनुकं आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आली असतील तर सोळातल्या नऊ सरक्यांत दोन्ही विषं, सहांत एकच, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी बोंडातच राहते आणि सरकीच खाते. एका सरकीतून दुसरीत जाताना तिला विष थोडंथोडं मिळतं, आणि तीच प्रतिकाराची शिकवणी. म्हणून तेच जनुक सरळ वाणात असतं तर चित्र वेगळं असतं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ते सरळ वाणांतच आहे.

मग आपल्याकडे संकरच का? कारण संकराचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, आणि पाकिटामागे शुल्क घेणाऱ्या कराराला तेच सोयीचं. हा निर्णय शेतीशास्त्रानं घेतला नाही, परवान्याच्या रचनेनं घेतला. त्याच रचनेवर मला बोलायचं आहे.

शुल्क शून्य करणं मलाही चूक वाटतं. ज्यानं शोध लावला त्याला पैसा मिळावा. पण पाकिटामागे देण्याऐवजी त्यातला काही भाग तंत्र किती वर्षं टिकलं यावर द्या. अळीनं पाच वर्षांत पचवलं तर कमी, पंधरा वर्षं टिकलं तर जास्त. मग जनुकवालाच बियाणेवाल्याच्या मागे लागेल की बाबा, बिगर-बीटी लावलं का ते बघ.

बियाणेवाला (अकोला)

टिकण्यावर पैसा, ही कल्पना वाईट नाही. पण मोजणार कोण? कंपनी म्हणेल अळी मेली, शेतकरी म्हणेल नाही मेली. दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यातून बोंडं गोळा करून प्रयोगशाळेत तपासायला पैसा लागतो. तो पाकिटाच्या किमतीत धरू द्या, तर मी तुमच्या बाजूनं.

पऱ्हाटीवाला (अकोट)

म्हंजे घुमून फिरून पैसा माह्याच पाकिटातून जाईन न! कंपनीचा जात नाई, सरकारचा जात नाई.

कोरडवाहू (यवतमाळ जिल्हा)

जाईल भाऊ, काही रुपये जातील. अमेरिकेत ॲरिझोनाच्या कापूसवाल्यांनीही स्वतःची वर्गणी भरली. पण त्या बदल्यात त्यांची स्वतःची परिषद होती. बीटी कपाशी, कामगंध (पतंगांना चकवणारा मादीचा वास), वांझ पतंग सोडणं आणि पऱ्हाटी वेळेत काढणं हे विद्यापीठ, सरकार आणि कंपनी यांच्यासोबत बसून ठरलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी ती घराघरात पोचली होती. अळी तीच, जनुकंही त्याच घरची.

पऱ्हाटीवाला (अकोट)

मंग आधी बसाले जागा द्या, पैशाचं मागून बोलू. अन् थ्या जागेवर पुढारी नाई पायजे, दुकानवाला नाई पायजे. ज्याच्या वावरात पऱ्हाटी उभी हाय अन् जो सोता वेचाले जाते, असा मानूस पायजे. ताईसारखी बाई असन तर अजून चांगलं. तवर माह्या तणाचं काय करू, थे कोनी सांगतलं नाई या धाग्यावर. थे सांगा.