श्रीलंकेतले पहिले अडीच महिने: माजी सैनिकांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात?

कोरीवही: १९८७ साली भारताच्या शांतिसेनेतून उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याला गेलेल्या माजी सैनिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. "श्रीलंकेत काय झालं?" विचारलं की सगळे थेट लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी झालेल्या ऑक्टोबरच्या लढाईवर येतात. ३० जुलैला जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरल्यापासून १० ऑक्टोबरपर्यंतचा काळ दोन वाक्यांत आटोपतो, आणि मला तोच हवाय. प्रश्न कसे मांडू? तारखा कशा पडताळू?

पलटणदप्तर: तारीख विचारू नका, सण विचारा. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले, दसरा २ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २२ ऑक्टोबरला. "गणपतीत कुठे होतात, आरती झाली का, रायफल हातात होती की कोतमध्ये (शस्त्रं ठेवायच्या खोलीत)?" असं विचारलं की माणूस बोलू लागतो.

योगायोगाने हे तीन सण तीन वेगळ्या काळात पडतात. गणपतीत सगळं निवांत होतं: ५ ऑगस्टला लिट्टेने शस्त्रं खाली ठेवण्याचा कार्यक्रम झालेला, लोक जवानांना हार घालत होते. दसऱ्याला हवा फिरली होती. लिट्टेचा नेता तिलीपन जाफन्यातल्या नल्लूरला उपोषणात २६ सप्टेंबरला गेला होता. लगेच ५ ऑक्टोबरला पलालीत श्रीलंकेच्या ताब्यातल्या लिट्टेच्या बारा जणांनी सायनाइड घेतलं, त्यात कुमरप्पा आणि पुलेंद्रन हे वरचे नेते होते. दिवाळीत गल्लोगल्ली लढाई. म्हणून "लोकांचं वागणं केव्हा बदललं?" हा प्रश्न प्रत्येकाला त्याच शब्दांत विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवा.

त्याआधी एक तपासा: पलटण नक्की केव्हा आली? सुरुवातीला ५४ इन्फंट्री डिव्हिजन होती. बऱ्याच तुकड्या लढाई पेटल्यावर घाईने आणल्या. ऑक्टोबरात आलेल्याकडे ऑगस्टची आठवण असणारच नाही, असेल ती ऐकीव. डिस्चार्ज बुक (निवृत्तीवेळी मिळणारी सेवेची नोंदवही) पाहायला मागा, पण आधी चहा होऊ द्या.

माइकवाला: फक्त आवाजाचं सांगतो. फोन एअरप्लेन मोडवर, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. कॉलरमाइक हनुवटीपासून वीतभर खाली. छताचा पंखा बंद. निम्म्या मुलाखती त्यानेच वाया जातात. सुरुवातीला तारीख, गाव, पलटण, कंपनी आणि हुद्दा मोठ्याने बोलून घ्या. एका बैठकीला दीड तास पुरे. मूळ फाइल कापू नका. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

एसेलार: जाफना विद्यापीठावर शांतिसेनेने हेलिकॉप्टरने जवान उतरवून केलेल्या हल्ल्याबद्दल सावध राहा. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री तिथे उतरले ते १० पॅरा कमांडोचे शंभरएक जण आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३०. त्या ३० पैकी २९ मारले गेले, एक पकडला गेला. दुसऱ्या पलटणीचा माणूस ती रात्र डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगत असेल, तर खोटं बोलतोय असं नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत ऐकलेलं आत मुरलंय. प्रत्येक प्रसंगाला "पाहिलंत की नंतर कळलं?" विचारा आणि उत्तर समासात लिहा.

राजकारणापेक्षा हत्यारावर जास्त नेमकं मिळतं. जवानांकडे एसएलआर रायफल होती: ७.६२ मिमी, २० गोळ्यांची मॅगझिन, घोडा दाबला की एकच गोळी. समोर एके-४७ च्या जातीच्या रायफली. ऑगस्टात किती मॅगझिन मिळाल्या, भरलेल्या की रिकाम्या? गोळी चालवायला कोणाचा हुकूम लागायचा, तो केव्हा बदलला? नकाशा कोणत्या मापाचा होता? तमिळ बोलणारं पलटणीत कोण होतं? शांतिसेनेची मोहीम लढाईत कशी बदलली ते या उत्तरांतून दिसतं.

कोरीवही: जाफना हॉस्पिटलबद्दल विचारावं का? आणि गोपनीयतेच्या कायद्याला घाबरणाऱ्यांचं काय?

पलटणदप्तर: विचारावं, पण दुसऱ्या बैठकीत. २१ ऑक्टोबरला, तमिळ दीपावलीच्या दिवशी, तिथे शांतिसेनेच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, नर्स मिळून साठहून अधिक माणसं मारली गेली. आत लिट्टेचे लोक होते का, यावर वाद आहे. "तुम्ही काय केलंत?" नको, "त्या आठवड्यात तुमच्या कंपनीला काय हुकूम होते?" असं विचारा. मशीन बंद करा म्हणाले तर लगेच करा. संमतीपत्रात "अमुक वर्षांपर्यंत बंद" असा रकाना ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या धोरणानुसार युद्धाची दप्तरं साधारण २५ वर्षांनी खुली व्हायला हवीत. ते दप्तरांपुरतं, व्यक्तीला सरसकट मोकळीक नाही. बिनतारी संकेत, सांकेतिक नावं यांच्या मागे लागू नका. माणसं शोधायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्या. पत्ते परस्पर मागू नका, तुमचा निरोप पोचवायला सांगा.