‘मार्श मेरीगोल्ड’ला झेंडू म्हणावे का?

रंकाळाकाठ : इंग्लंडमधल्या एका बालकथेचे मी भाषांतर करीत आहे. तिच्यात वसंतात ओढ्याकाठी फुलणारे ‘मार्श मेरीगोल्ड’ वारंवार येते आणि मी त्याला ‘दलदलीतला झेंडू’ असे लिहिले होते. कच्चा खर्डा वाचताना आत्याने मला तिथेच अडवले. “झेंडूच्या सरीत पाणी तुंबले की मुळ्या कुजतात, तो चिखलात कसा फुलेल?” असे तिने विचारले. मला ते पटले; पण मग पर्याय कोणता?

रानवाटा : आत्याबाईंचे खरे आहे. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, सूर्यफुलाच्या कुळातला. हे फूल, म्हणजे कॅल्था पॅलस्ट्रिस, मोरवेलीच्या कुळातले असून हिमालयातल्या ओलसर कुरणांतही वाढते. दसऱ्याच्या तोरणातला गच्च गोंडा वाचकाच्या डोळ्यांपुढे येता कामा नये. याला बहुधा पाचच चकचकीत पिवळी दले असतात आणि तीही पाकळ्या नसून निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले, असतात. त्यामुळे ‘सोनपाकळी’ही चालणार नाही.

शब्दव्रती : ‘पंकसुवर्णा’ हा शब्द घ्यावा. नावातला चिखल आणि सोने, दोन्ही त्यात आले.

गडहिंग्लजकर : दहा वर्षांचे मूल त्या शब्दाशी अडखळेल. झेंडूबद्दल मात्र सांगतो : आमच्या बाजारात कन्नड बोलणाऱ्या बायका त्याला ‘चेंडु हूवु’, म्हणजे चेंडूफूल म्हणतात. आपला ‘झेंडू’ त्या चेंडूवरूनच आला असावा, असे मला फार वर्षांपासून वाटते.

शब्दव्रती : उच्चारसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. शिवाय मूल अवघड शब्द ऐकूनच शिकते. सोपेपणासाठी घडवलेला शब्द टाकू नये.

शिरोळकर : मला ‘दलदल’ खटकते. पाय रुततो ती दलदल. ओल धरून राहिलेल्या ओढ्याकाठच्या जागेला ‘पाणथळ’ म्हणावे. आमच्या तालुक्यात उसाला पाणी देऊन देऊन जी राने बिघडली, त्यांना आम्ही ‘चिबड’ म्हणतो.

रानवाटा : मग ‘चिबडफूल’ का नको? शब्द अस्सल इथला आहे.

शिरोळकर : नको. ‘रान चिबडले’ हे आमच्या घरात वडिलांनी उसाचे पिवळे पडलेले शेंडे हातात धरून सांगितलेले आहे. तो शब्द मी फुलाला देऊ शकणार नाही.

शब्दव्रती : शब्दाला एका घराचे दुःख चिकटले म्हणून तो सर्वांनी सोडावा, हे मला मान्य नाही.