नुसत्या पट्ट्यांवरून घुबड ठरवू नका

तुम्ही पट्टेरी पिसाचा फोटो टाकलात, त्यावर ‘पट्टे आहेत म्हणजे घुबडाचंच पीस’ असं इथे म्हटलं गेलं; ते पटत नाही. आंबोलीच्या जंगलात मीही एकदा असाच फसलो होतो. घुबडाच्या पंखातल्या सर्वांत बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात, पिसावरून बोट फिरवलं तर मखमल लागते. (मत्स्यघुबड अपवाद. माशाला चाहूल लागायची भीती नाही, म्हणून ते दातही नाहीत.) मला आंबोलीत सापडलेल्या पिसाची कड सुरीसारखी गुळगुळीत, आणि काळ्या रंगात मधोमध एकच रुंद पांढरट पट्टा. तुरेवाल्या सर्पगरुडाच्या शेपटीचं निघालं!

तुमच्या फोटोत कड दिसतच नाही. पुढच्या वेळी शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पीस मात्र तिथेच राहू द्या.