वाचनालयाच्या भिंतीला सिमेंट नको

(कोल्हापुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांऐवजी घर क्रमांक आहेत.)

सी-२०१: पेठेतल्या जुन्या वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी वर्गणी मागितली आहे. अंदाजपत्रकात मागच्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग धरलाय. त्यानं भिंतीची ओल जाईल का?

ए-१०२: जाणार नाही, उलट वर चढेल. काळा दगड पाणी फारसं पीत नाही. जमिनीतली ओल चुन्याच्या दरजांतूनच, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतूनच, बाहेर पडते. त्यावर सिमेंट लिंपलं की ती वाट बंद. मग आतला गिलावा फुगतो, पांढरा खार फुटतो, आणि पुस्तकांची कपाटं नेमकी तिथंच टेकलेली.

बी-३०४: काका, मग करायचं काय?

ए-१०२: आधी पाणी कुठून येतंय ते बघा. पन्हळ तुंबलीय, कौल फुटलंय, की रस्ता दरवेळी वर उचलून जोत्याला भिडलाय? ते सुधारल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. दरजा पाऊस गेल्यावर भरायच्या. सैल चुना छिन्नीनं २०-२५ मिमी खोल उकरायचा; ग्राइंडरनं दगडाच्या कडा उडतात. पाणी मारून १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू असा माल भरायचा. चुना निदान १५ दिवस पाण्याखाली मुरलेला हवा. कायम ओल असते तिथं निम्म्या वाळूऐवजी सुर्खी म्हणजे विटेची पूड, तीही मंद भाजलेल्या विटेची. नंतर आठवडाभर ओलं गोणपाट. उन्हानं एकदम वाळली तर दरज भुसभुशीत होऊन गळते.

डी-१०१: भिंतीत उगवलेल्या पिंपळाचंही बघा की. उपटला तर दगड सुटतो. खोड कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं, मूळ मेल्यावर काढून पोकळी चुन्यानंच भरायची.

सी-२०१: काकू, पुस्तकांचं काय?

डी-१०१: कपाटं भिंतीपासून १५ सेंमी पुढं, खालचा कप्पा जमिनीपासून तेवढाच वर. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या गावाला हे सांगायला नको. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. टिपकागद घालून पंख्याखाली ठेवा. दोन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची आधी घ्या, ती चिकटली की सुटत नाहीत. फाटक्या पानाला चिकटपट्टी तर कधीच नको.

ए-१०२: करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, टाउन हॉल १८७० च्या दशकातला. असल्या गावात पेठेतलं वाचनालयही नीट राखलं पाहिजे. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का तेही विचारा, असेल तर परवानगी आधी. वर्गणी मी देतो, पण अंदाजपत्रकात सिमेंट खोडून 'चुन्यात दरजा भरणे' लिहून घ्या.

सी-२०१: रविवारी समितीला हेच कळवतो. चुन्याचं काम येणारा गवंडी कुणाच्या माहितीत असेल तर इथंच नंबर टाका.